सोमवारपर्यंत पाणी नाही

अमडापुरात एखाद्या पोरीच्या डोक्यात उवा झाल्या की तिची आई दोन कामं करायची. आधी पोरीच्या पाठीत दोन धपाटे घालायची आणि मग तिला हाताला धरून जनकाबाईच्या ओट्यावर नेऊन बसवायची. बाजारात उवांची औषधं मिळत नव्हती असं नाही, शाम्पूच्या पुड्या तर पानटपरीवरही लटकलेल्या असत. पण जनकाबाईच्या नखांपुढे शाम्पूची काय बिशाद, असं बायका म्हणत. जनकाबाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करी, मनातून मात्र तिला ते गुळाच्या खड्यासारखं लागायचं.

बाई अंगानं काटकुळी आणि तोंडानं तिखट. नवरा भाऊराव अकरा वर्षांपूर्वी गेला. मुलगा प्रसेनजित पुण्याला कंपनीत, सून सारिका घरी शिलाई मशीन चालवी आणि सहा वर्षांची नात प्रेरणा आजीच्या पदराला धरून वाढत होती. चाळीस वर्षं निंदण आणि कापूसवेचणी केलेल्या हातांना आता वावरात कोणी बोलवत नसे, पण ओट्यावरची ही बैठक मात्र सुटली नव्हती. पोरीला खालच्या पायरीवर बसवायची, डोकं दोन गुडघ्यांत दाबून धरायचं आणि फणी फिरवायला घ्यायची. "हालली तं कान उपटीन," हा दम ठरलेला. पोरीच्या डोक्यातून उवा आणि तोंडातून घरच्या भानगडी, दोन्ही ती एकाच बैठकीत बाहेर काढायची. पैसा तिनं कधी कोणाकडून घेतला नाही. मान घेतला, आणि तो मोजून घेतला.

शेजारी बहुतेक वेळा रुखमाबाई असायची. समोरच्याच घरातली, निंदणीच्या ओळीत चाळीस वर्षं जनकाबाईच्या बाजूला बसलेली. रुखमाबाईच्या घरी काहीही अडलं, गाय विण्यापासून सून रुसण्यापर्यंत, तरी तिचं एकच उत्तर असे, "थांबा, जनकाले विचारते." जनका म्हणेल ती पूर्वदिशा. इतका विश्वास माणसानं माणसावर टाकू नये, पण टाकणाऱ्याला हे कोण सांगणार?

दोन वर्षांपूर्वी जनकाबाईच्या उजव्या डोळ्यासमोर धुकं यायला लागलं. मग डाव्या. पहिल्यांदा दिसेनाशा झाल्या त्या लिखा, केसाला चिकटलेली उवांची बारकी अंडी. मग उवाही दिसेनात. फणीतून पांढऱ्या फडक्यावर काय पडतंय ते तिला कळायचं नाही, अंदाजानं नख दाबायची आणि तोंडानं 'टच्' असा आवाज काढायची. पोरी घरी जाऊन पुन्हा डोकं खाजवत. एकदा कोणाची तरी आई हसत म्हणाली, "काय मावशी, हात बसला का काय तुमचा?" जनकाबाई त्या दिवशी जेवली नाही.

डोळ्यांचं शिबिर गावातच भरलं होतं. मोतीबिंदू आहे, फुकट काढून देतात, गाडीनं नेतात आणि आणून सोडतात, असं रिक्षावरचा भोंगा तीन दिवस ओरडत फिरला. बाई गेली नाही. गेली असती तर आपल्याला दिसत नाही हे गावाला कळलं असतं आणि मग ओट्यावर कोण आलं असतं? एवढ्यासाठी ती गेली नाही. मला या बाईची कीव येते आणि रागही येतो, आणि दोन्हींतलं जास्त काय ते अजून ठरत नाही.

आता त्या डब्याविषयी. भाऊराव चिखलीच्या मार्केट यार्डात हमाल होता. धान्याच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्यांवर कीड लागू नये म्हणून पांढरी पावडर मारायचं कामही त्याच्याकडे असे. नाकाला गमछा बांधून तो ती मारायचा आणि त्यातलीच एक डबाभर त्यानं घरी आणून ठेवली होती, ज्वारीच्या कोठीभोवती टाकायला. बीएचसी, म्हणायचा तो. पुढे त्या पावडरीवर सरकारनं बंदी आणली, भाऊराव गेला, कोठी गेली, डबा मात्र माळ्यावर राहिला. झाकण काढलं की ओल्या पोत्यासारखा कुबट वास घरभर फिरायचा. असली पावडर वर्षानुवर्षं पडून राहिली तरी मरत नाही, हे जनकाबाईला कुठून माहीत असणार?

डिसेंबरात कोंबड्यांना पिसवा झाल्या, तेव्हा तिला तो डबा आठवला. चिमूटभर पंखांत चोळली आणि दुसऱ्या दिवशी पिसवा साफ. मग तिनं दारातल्या कुत्र्यालाही लावली. त्याच्या कानातली एक टपोरी गोचीड सुटून तिच्या तळहातावर आली. दिसत नव्हती, पण कळत होती. उताणी पडून ती आठही पायांनी थरथरत होती, थांबतच नव्हती. बारीक, जलद, हाताला गुदगुल्या होतील अशी थरथर. बराच वेळ चालली आणि एकदम बंद झाली.

"पाय वं रुखमा, नाचून नाचून मेली!" जनकाबाई हसली. रुखमाबाईही हसली. आणि त्याच ओट्यावर, त्याच घडीला, जनकाबाईच्या मनात विचार आला की जे गोचिडीला लागू पडतं ते उवेलाही पडेल, आणि मग डोळ्यांची गरजच काय?

जानेवारीत शाळेत सव्वीस तारखेच्या नाचाची तयारी सुरू झाली. डोकी साफ करून आणा, वेण्या घालायच्यात, असा बाईंचा निरोप आला. शनिवारी दुपारी जनकाबाईच्या पायरीवर पाच पोरी रांगेनं बसल्या. तिची प्रेरणा, रुखमाबाईची नात छकुली आणि गल्लीतल्या आणखी तिघी. छकुली सगळ्यांत लहान, पाच वर्षांची. खाजवून खाजवून तिच्या मानेमागं जखमा झाल्या होत्या.

जनकाबाईनं आत जाऊन वाटीत करडईचं तेल कोमट केलं आणि पावडर त्यात कालवली. कोरडी लावली तर उडेल, वास येईल, पोरी शिंकतील, असा तिचा हिशेब. शिवाय डोक्याचं कुठलंही औषध तेलातच द्यायचं, ही तिच्या आईपासूनची रीत. इथंच घात झाला. कोरडी पावडर निम्मी-अधिक गळून तरी पडली असती, तेलात ती विरघळली. आणि तेल डोक्यात जिरतं, त्यासाठीच तर बायका ते लावतात. रक्ताळलेल्या डोक्यात ते दुपटीनं जिरतं.

"काय हाये वं हे?" रुखमाबाईनं विचारलं.

"सीताफळाच्या बिया. कुटून ठेवल्या होत्या."

सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे डोंगरकाठच्या या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोणी पुढे विचारलं नाही. पाचही डोकी माखून झाली, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आवळून बांधून झाल्या आणि जनकाबाईनं बोट नाचवून हुकूम सोडला, "सोमवारी सकाळपर्यंत डोक्याले पाणी नाई. जिनं पाणी लावलं तिनं माह्या ओट्यावर पाय ठेवाचा नाई." पोरी माना डोलवत घरी गेल्या.

त्या संध्याकाळी तांबडी कोंबडी अंगणात उताणी पडली. मान मागं वळलेली, दोन्ही पाय हवेत सायकल चालवल्यासारखे. जनकाबाईनं तिच्या पंखांत आदल्या दिवशी पुन्हा चिमूटभर चोळली होती. "मानमोडी आली वाटते," असं पुटपुटून तिनं कोंबडी उकिरड्यावर टाकून दिली. घरात आली तर सारिकाच्या हातून ताट पडलं आणि त्या आवाजानं प्रेरणा हातभर उडाली. उडाली ती थरथरतच राहिली. "मळमळते," म्हणाली आणि न जेवता झोपली. सारिका म्हणाली, "आत्या, हिचं काही खरं नाही दिसत." जनकाबाई म्हणाली, "दिवसभर उन्हात बोंबलत हिंडते, दुसरं काय?"

पण रविवारी सकाळी तिनं प्रेरणाला ओट्यावर उन्हात बसवलं आणि मोटारसायकल गल्लीतून गेली तेव्हा पोरीचं अंग पुन्हा तसंच दचकलं. जनकाबाईचा हात तिच्या डोक्यावरच्या पट्टीच्या गाठीशी गेला. तिनं तो मागे घेतला.

दहाच्या सुमाराला प्रेरणा नाचाचं गाणं म्हणत होती. मधेच थांबली. डोळे वर गेले, दात बसले आणि ती पायरीवरून खाली कोसळली. हातपाय ताडताड आपटायला लागले. गल्ली धावली. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल हुंगवली. "फिट आली, फिट आली!" सारिका किंचाळत होती. गल्लीतल्या दीपकनं जीप काढली, पोरीला आजीच्या मांडीवर टाकलं आणि गाडी चिखलीच्या वाटेला लागली.

गाव सुटताना जनकाबाईनं सवयीनं समोरच्या घराकडे मान वळवली. रुखमाबाई हवी होती. पण ती सकाळच्या एसटीनं छकुलीला घेऊन संग्रामपूरला गेली होती, लेकीकडे, नातवाच्या जावळाला.

वाटेत पोरीला दुसरा झटका आला. जनकाबाईनं तिचा दंड घट्ट धरला होता. झटका ओसरला, पण दंडाच्या आत, कातडीखाली, एक बारीक थरथर चालूच राहिली. जलद, न थांबणारी. जनकाबाईचा तळहात तिच्या आधी ओळखून गेला. हे त्यानं पूर्वी अनुभवलं होतं. डोळ्यांना फसवता येतं, हाताला कसं फसवणार? तिला कोंबडीचे हवेतले पाय आठवले. सारिकाला मात्र तिनं ते सांगितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर अनुपमा नावाची तरुण बाई होती. तिनं पोरीला इंजेक्शन दिलं आणि भराभर विचारायला लागली. ताप होता? डोक्यावर पडली? पूर्वी कधी फिट? घरात फवारणीचं औषध ठेवता? सारिका सगळ्याला नाही म्हणत होती.

"डोक्याला काय बांधलंय?"

"उवांसाठी, मॅडम. आत्यानं सीताफळाच्या बिया लावल्यात."

डॉक्टर जरा थबकली. "बियांनी डोळे जातात, फिट नाही येत," ती स्वतःशीच बोलली. मग म्हणाली, "मेंदूतला ताप असू शकतो. बुलढाण्याला पाठवावं लागेल, पाठीतलं पाणी काढून तपासतील." ती चिठ्ठी लिहायला बसली.

जनकाबाई भिंतीला टेकून उभी. पोर बुलढाण्याला जाणार, तासभर लागणार, आणि तो तासभर ती पट्टी डोक्यावर तशीच राहणार. बोललं तर सून आयुष्यभर तोंड पाहणार नाही, गाव थुंकेल. चाळीस वर्षांचा मान एका वाक्यात जाणार. न बोललं तर? पलंगावर पोरीचा डावा हात पुन्हा थरथरायला लागला होता.

"बिया नोयत त्या," जनकाबाई म्हणाली. आवाज इतका बारीक की कोणाला ऐकू गेला नाही. ती पुढे झाली आणि टेबलावर हात आपटला. "बिया नोयत! पावडर हाये. गोदामातली. तेलात कालवून लावली म्या."

डॉक्टर ताडकन उठली. तिनं पट्टी सोडून नाकाशी नेली आणि तो कुबट वास खोलीभर झाला. कात्री आली, हातमोजे आले. प्रेरणाचे कमरेपर्यंतचे केस मुळापासून उतरले आणि साबणानं डोकं तीनदा धुतलं गेलं. सारिका सासूकडे बघत होती. मग ती सासू आणि पलंग यांच्या मधे येऊन उभी राहिली, आणि जनकाबाईला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

तासाभरानं थरथर कमी झाली. डॉक्टर हात पुसत बाहेर आली, तेव्हा जनकाबाईनं विचारलं, "काय करते ते जहर, बाई? सांगा मले."

कदाचित तिच्या तोंडाकडे बघून असेल, डॉक्टर बाकावर शेजारी बसली. "आजी, आपल्या मेंदूतल्या पेशी सारख्या एकमेकींना निरोप देतात. हाल, पळ, ओरड. त्यांना गप्प करायलाही व्यवस्था असते. प्रत्येक पेशीला बारीक दारं असतात. गप्प बस म्हणायचं झालं की शेजारची पेशी एक रसायन सोडते. ते किल्लीसारखं दारावर बसतं, दार उघडतं आणि बाहेरचा क्लोराइड आत जातो. मिठातला एक भाग असतो बघा, तो. तो आत गेला की पेशी शांत होते. तुमची पावडर नेमकी त्या दाराच्या वाटेत जाऊन अडकते. पाटाच्या तोंडाशी दगड बसावा तशी. किल्ली फिरते, दार उघडतं, पण आत काही जातच नाही. मग पेशी गप्प बसणार कशी? ती ओरडत सुटते, तिच्यापाठोपाठ दुसरी. बाहेरून आपल्याला दिसते ती फिट."

"गोचिडीलेही असंच होते?"

"तसंच. किड्यांची दारं तर या विषाला लवकर बळी पडतात, म्हणून तर ते किडे मारायला वापरायचे. पण दारं आपल्यालाही आहेत. लहान लेकराला थोडंसं पुरतं. आता दिलेल्या इंजेक्शननं जी दारं मोकळी राहिलीत ती जास्त उघडतात, पण वरून विष जिरतच राहिलं तर इंजेक्शन किती पुरणार? म्हणून आधी डोकं धुवायचं." मग डॉक्टरचा चेहरा बदलला. "आजी, अजून कोणाला लावलंत हे?"

जनकाबाईनं बोटं मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती.

दीपकनं दवाखान्याच्या आवारातून फोन लावले. गल्लीतल्या तिघींच्या आया घरीच होत्या. एकीची पोर सकाळपासून ओकत होती, दुसरीची चिडचिड करत होती, तिसरीची खेळत होती. फोन चालू असतानाच तिन्ही पोरींची डोकी धुवायला घेतली गेली आणि दुसऱ्या गाडीनं तिघी चिखलीकडे निघाल्या. राहिली छकुली. रुखमाबाईचा फोन वाजायचा आणि बंद व्हायचा. जावळाचं घर, पाहुणे, पंगती, वाजंत्री, फोन कुठल्या पिशवीत पडला होता कोण जाणे. छकुलीचे आईबाप बाहेरगावी वीटभट्टीवर, तिथं तर नेटवर्कच नव्हतं. बारा वाजले, एक वाजला. दीपक लावत होता आणि जनकाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती, जरी तिला ते नीट दिसत नव्हतं.

अडीच वाजता फोन उचलला गेला. दीपकनं "जनकाबाई बोलतात" म्हणून तो जनकाबाईच्या कानाला लावला.

"हाव जनका, बोल वं," रुखमाबाईचा आवाज. मागं वाजंत्री. "बरं झालं तू फोन केला. पोट्टी बरी नाई माही. एसटीत ओकली, अन् आता तं हातपाय झाडून राह्यली. भगताले बोलावणं धाडलं हाये."

जनकाबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"तिच्या आत्यानं डोकं धुवाले नेली होती तिले," रुखमाबाई सांगत होती. "म्हणे पट्टीचा वास येते. म्या हात धरला तिचा. म्हटलं, जनकानं सांगतलं हाये, सोमवारपर्यंत पाणी नाई. तू नको काळजी करू. एक थेंब लागू देला नाई म्या."

"धुव!" जनकाबाई ओरडली. आवारातली माणसं वळून बघायला लागली. "रुखमा, आताच्या आता धुव. साबणानं धुव, केस काप, दवाखान्यात ने. जहर हाये ते!"

"काय म्हणते? तुह्या बियायचं जहर? आवाज तुटून राह्यला."

"बिया नोयत वं त्या. ह्यायच्या डब्यातली पावडर हाये. मले दिसत नाई, रुखमा. दोन वर्सं झाले, मले एकही ऊ दिसत नाई. म्हणून लावली म्या."

पलीकडून नुसती वाजंत्री ऐकू आली. मग फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आणि दूर रुखमाबाईची हाक, "पाणी! पाणी आणा वं कोणी!" फोन चालूच राहिला होता. बादली ओढली गेली, तांब्यामागून तांबे पाणी पडलं. बायका एकाच वेळी बोलत होत्या. लेकराच्या रडण्याचा आवाज त्यात कुठंच नव्हता. जनकाबाई कान देऊन उभी राहिली, दीपकनं हातातून फोन काढून घेईपर्यंत.

प्रेरणा तिसऱ्या दिवशी घरी आली. छकुलीला संग्रामपूरहून अकोल्याला न्यावं लागलं आणि ती चार दिवस बेशुद्ध होती. वाचली. सव्वीस जानेवारीचा नाच पाच पोरींवाचून झाला. डबा दवाखान्याच्या माणसांनी पिशवीत बांधून नेला. प्रसेनजित येऊन गेला, आईशी दोन वाक्यं बोलला आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन लावून दिलं.

मार्चात जनकाबाईला स्वच्छ दिसायला लागलं. समोरच्या लिंबाचं पानन् पान दिसायचं. रुखमाबाईच्या घराचं दारही दिसायचं, आणि ते उघडून रुखमाबाई पाणी भरायला जाताना इकडे बघत नाही, हेही. ओटा रिकामाच असे. जनकाबाई तरी रोज सकाळी उन्हात येऊन बसायची, हात मांडीखाली दाबून. तळहातात अधूनमधून ती थरथर यायची, बारीक, जलद, आणि यायची तेव्हा ती हात आणखी खाली दाबायची.

एका रविवारी रुखमाबाई आली. छकुलीचा हात धरून. पोरीचे केस बोटभर वाढले होते. तिनं छकुलीला खालच्या पायरीवर बसवलं, जनकाबाईच्या गुडघ्यांशी, आणि स्वतः उभीच राहिली.

"दिसते आता?"

"दिसते."

"मंग पाय."

जनकाबाईनं पाहिलं. मानेमागं जखमांचे पांढरे डाग होते. छकुलीनं सवयीनं डोकं तिच्या गुडघ्यांत टेकवलं आणि न हालता बसून राहिली, कान उपटतील म्हणून.

"एकदा म्हणाचं होतं ना वं, की मले दिसत नाई," रुखमाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "चाळीस वर्सं बाजूले बसली मी तुह्या. तुह्ये डोळे झाली असती."

जनकाबाईनं मान वर केली नाही. छकुलीच्या डोक्यात एकही ऊ नव्हती, लीख नव्हती, तिला अगदी स्पष्ट दिसत होतं. हात मात्र तिनं मांडीखालून काढले नाहीत. थोडा वेळ वाट पाहून रुखमाबाईनं पोरीला उठवलं आणि ती घरी गेली.